भित्र्यांच्या तालमीत चार दिवस

कोल्हापूरला माणसं अंबाबाईला जातात, रश्श्याला जातात, चपला घ्यायला जातात. मी गेले ती एका गोष्टीचा शेवट सापडतो का ते बघायला. हे आमच्या नागपूरच्या शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं बाप्पा? घरी बसून लिही ना." तिचं बरोबरच होतं. पण तीन वर्षं मी घरी बसूनच लिहीत होते आणि एक ओळ पुढे सरकली नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहायचे. परग्रह, यंत्रमानव, काळाच्या उलट्या प्रवासाला निघालेले प्राध्यापक, सगळं हसतखेळत चाललं होतं. मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, सगळं काढलंय. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तपासणी आणि त्यानंतर काही दिवसांनी एक पाकीट, असा आमच्या घरचा क्रम लागला. ते पाकीट मी न्हाणीघराची कडी लावून एकटीच फोडते. माझी लेक मिनू दाराबाहेर उभी असते हे मला माहीत असतं. तरी मी कडी काढत नाही. आपली भीती पोरीच्या अंगावर कशाला घालायची, असं मला वाटायचं.

त्याच काळात ही गोष्ट सुचली. एका गावात रोज थोडं उशिरा उजाडायला लागतं. आधी कुणाच्या लक्षात येत नाही, मग लोक घड्याळांना शिव्या देतात, मग सवय होते. गावच्या शाळेत एक बाई आहे. सूर्य वर आला की घंटा द्यायची एवढंच तिचं काम. शेवटी एके दिवशी ती काळोखात घंटेचा दोर धरून उभी असते, पूर्वेकडे बघत, आणि उजाडतच नाही. इथं माझी गाडी अडली. उजाडलं असं लिहिलं की खोटं वाटायचं, आणि नाही उजाडलं असं लिहायला हात धजायचा नाही. तपासणीच्या आठवड्यात तर नाहीच नाही. निघताना मनाशी ठरवलं होतं, परत येईपर्यंत शेवट सुचला नाही तर फाईल माळ्यावर आणि लिहिणं बंद. या खेपेची तपासणी निघण्याआधीच झाली होती. पाकीट मी परतल्यावर यायचं होतं.

बोलावणं आलं होतं ते सर्जेरावांचं. सर्जेराव जोतिबाच्या बाजूच्या एका गावात म्हशी पाळतात आणि विज्ञानकथा लिहितात. माझी जुनी कथा कुठल्याशा अंकात वाचून त्यांनी फोन केला होता. "म्याडम, तुमची गोष्ट वाचली. पयल्यांदा म्हशीला वाचून दावली. धार काढताना." मला वाटलं, थट्टा करताहेत. "मग म्हैस काय म्हणाली?" "तिनं दूध चोरलं न्हाय, समदं सोडलं. म्हंजे बरी हाय गोष्ट." मग म्हणाले, आमची सात-आठ जणांची मंडळी आहे, सगळे असलंच लिहितात, मरणाचं, शून्याचं, जग संपण्याचं. तुम्ही चार दिवस या.

कोल्हापूर

स्टेशनवर सर्जेराव मोटारसायकल घेऊन उभे होते. एकसष्ट वर्षांच्या बाईला बॅगेसकट मोटारसायकलवर बसवून न्यायचं म्हणजे आमच्याकडे निदान चार लोक 'जमेल का?' असं विचारतील. इथं कुणी विचारलं नाही. "बसा की, म्याडम. पडला तर आमी हाय," एवढाच दिलासा मिळाला.

मंडळींचा अड्डा एका बाइंडिंगच्या दुकानात होता. दुकान दस्तगीरभाईंचं. तीन पिढ्या हे घर पुस्तकं बांधतंय. शाळांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, फाटलेल्या पोथ्या, सगळं एकाच घोडीवर, म्हणजे दोरे ताणलेल्या लाकडी चौकटीवर, शिवलं जातं. त्यांची लेक रझिया दुकान सांभाळते आणि कविता लिहिते. तिशीची, बारीक अंगाची, बोटांना कायम खळ लागलेली. ती बोलताना "मी येतो", "मी बोलतो" असं म्हणायची. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात हे ऐकून होते, पण कानांना दोन दिवस तरी गंमत वाटत राहिली.

पाटी वगैरे काही नव्हती. मी मंडळाचं नाव विचारलं तर दस्तगीरभाई पुस्तकातून दोरा ओढत म्हणाले, "नाव हाय की. भित्र्यांची तालीम."

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम. माती, लंगोट, मारुतीचा फोटो. जो तो आपल्या तालमीचं नाव छाती काढून सांगतो. त्या गावात आठ माणसं दर आठवड्याला जमून आपल्याला कशाची भीती वाटते ते एकमेकांना सांगतात, हे दस्तगीरभाईंना फार विनोदी वाटलं होतं, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. मंडळींनी ते आनंदाने लावून घेतलं. मला ही माणसं तिथंच आवडली. आमच्याकडे साहित्यसंस्थेचं नाव ठरवायला तीन बैठका झाल्या होत्या आणि तिसऱ्या बैठकीत संस्था फुटली होती.

पण खरं आवडलं ते त्यांचं काम करण्याचं तंत्र. या तालमीत लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवत नाहीत. ते आधी हाताने काम करत असलेल्या माणसाला वाचून दाखवायचं. शिंपी, कुंभार, भाजी निवडणारी बाई, कुणीही. त्याने काम थांबवायचं नाही, लेखकाने वाचणं थांबवायचं नाही. तिसऱ्या माणसाने शेजारी बसून फक्त ऐकणाऱ्याच्या हातांकडे बघायचं. हात जिथे थांबतील तिथे समासात पेन्सिलीने एक आडवी रेघ. बस्स. 'छान आहे', 'अंगावर काटा आला', असलं काही बोलायचं नाही.

"तोंड खोटं बोलतंय म्याडम," रझिया म्हणाली. "आमच्या गावात तर लईच. पावण्याला कुणी वाईट म्हणत न्हाय. हाताला ते जमत न्हाय."

तिने फायली काढून दाखवल्या. पानं आणि पानं, आणि समासात क्वचित एखादी रेघ. एका रेघेशेजारी 'ला.' असं लिहिलं होतं. हे काय, विचारलं. तर एका लेखकाने शिंप्यासमोर कथा वाचली, अंतराळवीराचा दोर सुटतो त्या ओळीवर शिवणयंत्र थांबलं. लेखक महिनाभर तरंगत होता. पुढे कळलं, तेव्हा लाईट गेली होती. तेव्हापासून लाईट गेल्यामुळे हात थांबला तर 'ला.' लिहायचं असं ठरलं.

दुकानाच्या फळीवर काचेच्या बरणीत एक काळाकुट्ट खडा होता. कोळसा वाटला. "त्यो सर्जेरावांचा पराक्रम," दस्तगीरभाई म्हणाले, आणि सर्जेराव चक्क लाजले. "उद्या जाणारच हाय तिकडं. तितंच सांगतील."

संध्याकाळी मला दूध प्यायला नेलं. भर वस्तीत, रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. मी नाक मुरडलं, कारण आमच्याकडे दूध तीनदा उकळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. मग प्यायले. मग दुसरा ग्लास मागितला. वरच्या ओठावर फेस घेऊन एका बाजूला पैलवान आणि दुसऱ्या बाजूला रझिया, अशी मी उभी होते. तिथंच तिने मला तिची एक कविता म्हणून दाखवली. म्हशींच्या मालकाच्या आरडाओरड्यात ती म्हणत होती आणि मला एकेक शब्द ऐकू येत होता.

पुस्तक बांधताना शेवटी
एक कोरं पान ठेवायचं असतं.
का, ते कुणी सांगत नाही.
मी पुठ्ठा लावते, वर वजन ठेवते,
आणि त्या पानावरचा हात
जरा उशिरा उचलते.

"ही कुणाला वाचून दाखवली होती?" मी विचारलं.

"अब्बांना. दोरा ओवत हुते."

"हात थांबले?"

"शेवटच्या ओळीला. मग म्हणाले, खळ वाळायलीय, कविता बास."

जोतिबाचा पायथा

दुसऱ्या दिवशी सर्जेराव मला आणि रझियाला गुऱ्हाळावर घेऊन गेले. आधी जोतिबा, मग गूळ, असा त्यांचा दंडक. डोंगरावरचं गाव नुसतं गुलाबी झालेलं. पायऱ्या गुलालाच्या, भिंती गुलालाच्या, नारळ विकणाऱ्या बाईच्या भुवया गुलालाच्या. "चांगभलं" म्हणत कुणीतरी मागून मूठभर उधळला आणि माझी पांढरी साडी गेली. मी त्या माणसाला चार शब्द सुनावायला वळले, तर तो हात जोडून उभा. "पावणं, देवाचं हाय, धुतल्यावं जातंय." ते अजून गेलेलं नाही.

डोंगर उतरला की उसाचे मळे लागतात आणि वासानेच गुऱ्हाळ कळतं. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडाडत होती. काहिलीपाशी उभा राहून सगळं बघतो तो गुळव्या. इथल्या गुळव्याचं नाव महादू. साठीचा, उघडा, घामाने चकचकणारा. त्याच्या हातातलं लांब दांड्याचं हत्यार रसात सारखं फिरत होतं. तो थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी करायचा, गोळी घमेल्याच्या काठावर मारून आवाज ऐकायचा. गूळ कधी उतरवायचा हे त्या आवाजावर ठरतं. क्षणाचा उशीर झाला की गूळ करपतो.

आणि या माणसाला सर्जेरावांनी कथा वाचून दाखवली होती.

कथा मी तिथंच उसाच्या मोळीवर बसून वाचली. एका गावातल्या माणसाला रोज एकजण विसरत जातो. आधी लांबचा मेहुणा, मग दुकानदार, मग शेजारी, मग बायको. कुणी मारत नाही, कुणी हाकलत नाही. फक्त ओळखत नाही. शेवटी उरते त्याची म्हैस. तो रोज संध्याकाळी हाक मारतो, ती मान वर करते आणि त्याचा दिवस निभतो. मग एका संध्याकाळी तो हाक मारतो आणि म्हैस गवत खात राहते. मी आयुष्यभर परग्रह धुंडाळले आणि एवढी मोठी पोकळी मला सापडली नव्हती. या माणसाने ती गोठ्यात शोधली होती.

"म्हशीनं मान वर केली न्हाय, तितं माझा हात थांबला," महादू स्वतःच सांगू लागला. "मला कळलंच न्हाय की. ह्यो वाचतोय, मी उभा. वास आला तवा बघितलं तर समदं आदण काळं."

"आख्खं आदण? काहिलीभर रस?"

"व्हय की. मालकानं दोगांना बी शिव्या घातल्या. मी म्हनलं, मालक, म्हशीनं सुदीक वळकलं न्हाय वो त्येला. तर मालक म्हनला, तुला मी उद्या वळकनार न्हाय."

बरणीतला काळा खडा त्या आदणातला. तेव्हापासून तालमीचा दुसरा नियम झाला, गुळव्याला वाचून दाखवायचं नाही. सर्जेराव ओशाळून हसत होते. पण आत कुठेतरी त्यांना किती बरं वाटत होतं ते दिसत होतं. लोकांना पुरस्कार मिळतात. यांना करपलेला गूळ मिळाला होता, आणि तो खोटा असूच शकत नव्हता.

माझी गोष्ट त्या दिवशी तिथल्याच एका बाईसमोर वाचायची ठरली होती. ती ढेपांना कापड गुंडाळत बसली होती. फाईल पिशवीत होती. तेवढ्यात महादूने पानावर गरम गूळ दिला. "दम धरा," असं तो म्हणाला असावा. मी दम धरला नाही. जीभ अशी भाजली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुढे दिवसभर मला "हो" आणि "नाही" एवढंच बोलता येत होतं. सगळे हळहळले. मी पण हळहळण्याचा आव आणला. खरं तर परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर पोरांना होतो तसला आनंद मला झाला होता.

दुपारी सर्जेरावांच्या घरी तांबडा आणि पांढरा रस्सा समोर आला आणि मी भाजलेल्या जिभेने तांबड्याकडे बघत बसले. आमच्या सावजीपुढे हा काय तिखट असणार, असं मी आदल्या दिवशी ऐटीत बोलून गेले होते. सर्जेरावांच्या बायकोने न बोलता तांबडा उचलला आणि पांढऱ्याची दुसरी वाटी ठेवली. नारळाचा, मिरीचा तो रस्सा मी तीनदा घेतला. सावजीची आणि तांबड्याची झुंज अशी न होताच राहिली.

चपलांची गल्ली

तिसऱ्या दिवशी जीभ ताळ्यावर आली आणि सुटकेची वाट बंद झाली. रझिया आणि सर्जेराव मला यल्लव्वा अक्काकडे घेऊन गेले.

चपला बनवणाऱ्यांच्या गल्लीत चामड्याचा आणि तेलाचा वास भरून असतो. कापणं, ठोकणं पुरुष करतात. पट्ट्यावरची बारीक वेणी बायका घालतात. यल्लव्वा अक्का सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावातून लग्न होऊन इथं आलेली, सत्तरीची. दारात पाय पसरून बसलेली. चामड्याच्या वाद्या एका टोकाला पायाच्या अंगठ्यात अडकवलेल्या आणि दोन्ही हात चाललेले. "ये तंगी, बस," ती मला म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे रझियाने हळूच सांगितलं.

"ह्या नागपुरास्नं आल्यात अक्का. गोष्ट वाचणार हाईत."

"वाच की. मला दोन जोड द्याचं हाईत सांजेला. मी काय बगनार न्हाय तुज्याकडं."

सर्जेराव उंबऱ्यावर बसले. रझिया पेन्सिल घेऊन अक्काच्या हातांसमोर बसली. मी वाचायला लागले.

माझ्या गोष्टीत चांगल्या जागा आहेत असं मला वाटायचं. पहिल्यांदा उशीर होतो तेव्हा कोंबडे दोनदा आरवतात ती जागा. बाळंतिणीला वाटतं की रात्र आपल्यामुळेच लांबली, ती जागा. लोक अंधारातच शेतावर जायला लागतात आणि कुणी त्याबद्दल बोलेनासं होतं, ती तर मला फार आवडायची. प्रत्येक जागेला मी आवाज जरा खाली घ्यायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. अक्काच्या वाद्या सरसर एकमेकींवरून जात होत्या. एक इंच वेणी झाली. दोन इंच झाली. रझियाची पेन्सिल तशीच.

मध्ये एकदा अक्काची बोटं आखडली. "धर गं," ती आत बघून म्हणाली. सून बाहेर आली, सासूच्या हातातून वाद्या जशाच्या तशा आपल्या बोटांत घेतल्या आणि पुढचा वळसा घातला. मध्ये एकही वादी सैल पडली नाही. अक्काने बोटं मोडली, हातांना तेल चोळलं, मग वाद्या परत घेतल्या. सून आत गेली. माझ्या मनात आशा जागी झाली होती. मी रझियाकडे बघितलं. तिने मान हलवली. वेणी चालूच होती, म्हणजे हात थांबला असं होत नाही.

शेवटच्या पानापर्यंत एक रेघ नाही. बाई काळोखात दोर धरून उभी राहते, तिथेही नाही. सर्जेराव जमिनीकडे बघत होते. एवढं सगळं सोसलं, त्यातून हे लिहिलं, आणि एका बाईचा हात क्षणभरही अडखळला नाही. मी शेवटचं वाक्य वाचलं. लिहिणं थांबवायचं की नाही, याचा निकाल लागला असं मला वाटलं.

"फुडं?" अक्का वेणी घालत म्हणाली.

"पुढे नाही."

"न्हाय म्हंजे?"

"लिहिलेलं नाही. पान कोरं आहे."

अक्काचे हात थांबले. वाद्या तशाच ताणलेल्या, बोटं हवेत. तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"त्या बाईला तशीच हुबी ठिवून आलीस?"

मी हातातलं कोरं पान उलटंसुलटं केलं.

"किती दिस झालं?"

"तीन वर्षं."

"तीन वरसं," अक्का म्हणाली. "काळुखात. दोर धरून. यव्वा, हात गळून गेलं असतील की गं तिचं. दुसरं कोन न्हाय व्हय गावात?"

रझिया माझ्याजवळ सरकली. माझ्या हातातून तिने ते शेवटचं कोरं पान घेतलं, समासात, काहीच लिहिलेलं नाही तिथे, पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि पान परत दिलं.

मला रडू आलं. अनोळखी दारात, अनोळखी माणसांसमोर, मोठ्याने. तीन वर्षं न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, तेवढं सगळं तिथं आलं. कुणी "रडू नका" म्हणालं नाही. अक्काने सुनेला चहा टाकायला सांगितला. सर्जेराव उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, मी रडतेय म्हणून गेले. नंतर कळलं, त्यांनाही आलं होतं.

मी तीन वर्षं एकच प्रश्न घेऊन बसले होते, उजाडणार की नाही. अक्काच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. तिला त्या बाईचे हात दिसले. हातांचं काम करणाऱ्यालाच ते दिसणार.

संध्याकाळी दस्तगीरभाईंनी त्यांच्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला. ते शिवत होते, मी लिहीत होते. फार लिहावं लागलं नाही. ती बाई अंधारातच शेजारणीचं दार वाजवते. शेजारीण येते. बाई म्हणते, धर. शेजारीण दोर धरते, दोर सैल पडू न देता. बाई पायरीवर बसते, हातांना तेल चोळते, भाकरी खाते, तिथंच जरा डोळा लागतो तिचा. थोड्या वेळाने शेजारीण पलीकडच्या दाराकडे बघून हाक मारते. एवढंच. उजाडलं की नाही ते मी लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही. पण ते माहीत नसल्याचं मला त्या दिवशी ओझं झालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, गाडीच्या आधी, अक्काला ते पान वाचून दाखवलं. हात थांबले नाहीत. "बरं झालं," ती वेणी घालत म्हणाली. "बसली बाई." मग मला एक जोड दिला आणि बजावलं, पहिले आठ दिवस तेल लाव, नाहीतर चावेल. चप्पल चावलीच. सगळं सांगितलेलं ऐकलं तर ती मी कसली.

नागपूर

परत येऊन आता महिना होत आला. लोक विचारतात, कोल्हापूरला काय बघितलं. रंकाळ्यावर मी गेलेच नाही. देवीचं दर्शन गर्दीत, ओझरतं झालं. मी त्यांना सांगते, मी तिथं भित्री माणसं बघितली, आणि त्यांच्याइतकी धीट माणसं मला दुसरीकडे भेटलेली नाहीत. ती मरणाबद्दल लिहितात आणि लिहिलेलं घेऊन चपला शिवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन बसतात. एकटीची माझी छाती झाली नसती.

परतल्यावर दोन दिवसांनी पाकीट आलं. मी ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. मिनूने पाकीट आणून समोर ठेवलं आणि नेहमीसारखी बाजूला झाली, न्हाणीघराची वाट मोकळी करून. तिची ती बाजूला होण्याची सवय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तीही तीन वर्षं त्या दाराबाहेर उभीच होती.

मी पाकीट उचललं आणि तिच्यापुढे केलं.

"धर गं," मी म्हणाले.

तिला काही कळेना. "मी?"

"हो. माझे हात शेंगांत अडकलेत. फोड आणि मोठ्याने वाच."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिने कड फाडली, कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, माझं नाव, माझं वय, सगळं. मी शेंगा सोलत राहिले.